नोंद नाही

धरणगाव, १८ ऑगस्ट २०२५

शहजादीआपांना पुनमचा नमस्कार.

आपा, बैठकीत ‘कुणाला काही बोलायचं आहे का?’ असं विचारल्यावर किती वेळ थांबायचं असतं? प्रशिक्षणात आम्हाला मनातल्या मनात दहापर्यंत मोजायला सांगितलं होतं. मी सहापर्यंत मोजायचे. घाई असली की चारपर्यंत. दहापर्यंत मोजलं असतं तर कुणी बोललं असतं का, हे आज मला कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. तुम्हाला विचारते आहे, कारण पूर्वीही जे अडायचं ते मी तुम्हालाच विचारायचे.

तुम्ही फोन उचलत नाही. उचलावा असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मराठी तुम्हाला सावकाश वाचावं लागतं, म्हणजे हे मंतशाच वाचून दाखवेल. मंतशा, अकरावीला धुळ्यात प्रवेश मिळाला का? विज्ञानच घेतलंस ना?

जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. भडगावच्या शाळेचे सदरे पहिल्या धुण्यात आटले, सगळा माल परत आला, दोष कटिंगवर म्हणजे तुमच्यावर आला, आणि काम जाऊन तुम्हाला धुळ्याला जावं लागलं. कापड आधी पाण्यातून काढा असं तुम्ही सांगितलं होतं, हे मला आठवतं. त्या सोमवारी विषय फार होते. इतिवृत्त लिहिताना तुमचं म्हणणं लिहायचं राहून गेलं. मग सभेत अध्यक्ष म्हणून अक्कांनी विचारलं तेव्हा वहीत जे होतं तेवढंच मला सांगता आलं. संस्थेचं काम कागदावर चालतं, हे तुम्ही जाणता.

इकडे तसं ठीक आहे. सोमवारच्या बैठका वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात. मागच्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले होते, त्यांना आमची बैठक आवडली. ऑक्टोबरपासून जळगावला दुसऱ्या संस्थांच्या ताईंना बैठक कशी चालवायची ते शिकवायला मला बोलावलं आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि आता मी इतरांना शिकवणार, म्हणून नानांनी कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, पेढे वाटले. हे तुम्हाला लिहायला नको होतं कदाचित. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही, ती सवय अजून गेलेली नाही.

आईने काज-बटणाला शिलाई केंद्रावर यायचं सोडलं आहे. डोळे दुखतात म्हणते.

भावाकडे, हसनैनभाईंच्या घरी तुमची सोय नीट असेल अशी आशा करते. मनात राग ठेवू नका.

तुमची,
पुनम


धरणगाव, ३१ ऑगस्ट

आपा,

मंतशाचा मेसेज आला. एकच ओळ होती. ‘ताई, अम्मी विचारतेय, ती पिवळी चिठ्ठी कुठे आहे?’

पाच दिवस मी उत्तर दिलं नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असतील.

मंतशा तिथे नव्हती, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तिला सगळं कळायला हवं, कारण माझ्या बाजूने तुमच्या घरी बोलणारं दुसरं कुणी नाही, आणि माझी बाजू कशी आहे हेही तिलाच वाचावं लागणार आहे.

मी येण्याआधी संस्थेत बैठक कशी व्हायची, ते तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणून इंदिराबाई अक्का वहीतून वाचायच्या, बाकीच्या माना डोलवायच्या, आणि मग सगळ्या जणी गोदामाच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसायच्या. खरं बोलणं तिथे व्हायचं. शिलाईच्या गटाच्या धुरपदाबाई कपात फुंकर घालत म्हणायच्या, “अक्का, ते मंगळवारनं काही खरं नही. त्या दिन बठ्ठ्या बाया निंदाले जातस.” सगळ्या जणी निंदणीला शेतात असतील तर काम कोण करणार, म्हणून अक्का आत जायच्या आणि वहीतला मंगळवार खोडून बुधवार करायच्या. समोरासमोर कुणी अक्कांना नाही म्हणायचं नाही, आणि अक्कांनाही कुणाचं ऐकल्यासारखं वाटायचं नाही.

मला ते मागासलेलं वाटायचं. जळगावचं प्रशिक्षण करून आले आणि मी पायरीवरचा चहा बंद केला. चहा आत आणला. जे बोलायचं ते बैठकीतच बोलायचं, बाहेर जाऊन नाही. एका वेळी एकीनेच बोलायचं, पाळीने बोलायचं, प्रत्येकीला दोन मिनिटं. माझ्या मोबाईलवर गजर लावलेला असायचा. आणि भिंतीवर एक मोठा कागद. विषय सोडून कुणी काही बोललं की त्याची पिवळी चिठ्ठी करून त्या कागदावर चिकटवायची आणि वेळ उरला तर शेवटी घ्यायची. त्याला आपण ‘बाजूचा कागद’ म्हणायचो. धुरपदाबाई त्याला ‘बाजूमा बसाडानं’ म्हणायच्या. मी सोडून सगळ्या हसायच्या.

आपा, मला खरंच वाटायचं की यामुळे गप्प बसणाऱ्या बायका बोलत्या होतील. सुरुवातीला काही बोलल्याही. दिपमाला आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांपुढे उभी राहून पॅकिंगबद्दल बोलली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं.

पाच मेच्या बैठकीला आपण सहा जण होतो. खरेदीचं बघणाऱ्या जितेंद्रने आदल्या दिवशी कापडाचे ताके आणले होते. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, “बेटा, हे कापड मी हातात घेऊन बघितलं. कच्चं आहे. आधी पाण्यातून काढावं लागेल, सावलीत वाळवावं लागेल, मग कात्री. मला दोन दिवस द्या.”

जितेंद्र म्हणाला, “आपा, व्यापारी सांगत होता, हे कापड गिरणीतूनच आंघोळ करून आलंय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुम्ही म्हणालात, “व्यापाऱ्याच्या घरी शिवतं कोण, ते विचार त्याला.”

तेवढ्यात गजर वाजला. मी म्हणाले, “आपा, आजचा विषय माल द्यायच्या तारखेचा आहे. कापडाचं आपण बाजूच्या कागदावर ठेवू, शेवटी घेऊ.” चिठ्ठी मी लिहिली. ‘कापड आधी पाण्यातून काढावे. दोन दिवस लागतील.’ खाली तुम्ही उर्दूत सही केलीत. सही करताना म्हणालात, “शेवटी कात्री चालून गेली असेल, बेटा.”

तेही मी ऐकलं होतं.

मग मी हात वर करायला सांगितले. तुमचा हात वर नव्हता. मी सहापर्यंत मोजलं आणि वहीत ‘सर्वानुमते’ लिहिलं. शेवटी वेळ उरला नाही. अक्कांना हळदीला जायचं होतं.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत नाही. बारा जून ही तारीख मी आदल्याच आठवड्यात भडगावच्या शाळेच्या अभिमन सरांना फोनवर देऊन बसले होते. कुणालाही न विचारता. ‘नक्की ना, ताई?’ त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, ‘आमच्याकडे सगळं चर्चेने ठरतं सर, नक्कीच समजा.’ तुमचे दोन दिवस मान्य केले असते तर मला त्यांना परत फोन करावा लागला असता. ती बैठक ठरवायला नव्हतीच. मी ठरवलेलं तुमच्या सगळ्यांकडून वदवून घ्यायला होती.

चिठ्ठीचं म्हणाल तर तो कागद गुंडाळून कपाटात ठेवला होता. पुढे झाडलोटीत कुठे गेला ते सांगता येत नाही.

मंतशाला उत्तर म्हणून एवढंच कळवा.

पुनम


धरणगाव, १४ सप्टेंबर

आपा,

चिठ्ठी माझ्याकडे आहे. या पत्रासोबत पाठवते आहे.

ती झाडलोटीत गेली नाही. मागच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य लिहून मी पाकीट बंद केलं, पोस्टात टाकलं आणि घरी येऊन जेवले. जेवण गेलं, हे सांगायलाही लाज वाटते.

जुलैच्या सुरुवातीला अभिमन सर दोन सदरे पिशवीत घालून आले होते. एक धुतलेला, एक कोरा. टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि म्हणाले, “ताई, पोरं पंधरा दिवसांत एवढी वाढत नाहीत.” त्यांनी आवाज चढवला नाही. त्याच वेळी मला आठवलं की कपाटातल्या त्या कागदावर काय आहे.

सात जुलैला सभा होती. चाळीस बायका. सभा अकराची, मी नऊलाच केंद्रावर गेले. कपाट उघडलं, कागद जमिनीवर पसरला. त्यावर वर्षभराच्या चिठ्ठ्या होत्या. पंख्याचा आवाज. मोरीचं दार लागत नाही. चहात साखर कमी. त्या सगळ्या तशाच ठेवल्या. एकच काढली. फाडावीशी वाटली, पण फाडली नाही. का नाही फाडली ते माहीत नाही, त्याचं श्रेय मला देऊ नका. माझ्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये, पदवीच्या कागदामागे ठेवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी लिहिलं नाही तर ते मंतशाला फक्त तुमच्याकडून कळेल, आणि मला वाटतं तुम्ही ते कमी करून सांगितलं असेल.

अक्का म्हणाल्या, “कापड आटतं हे कटिंगवाल्याला कळायला नको?”

तुम्ही उभ्या राहिलात. “मी सांगितलं होतं, अक्का. पुनमने लिहूनही घेतलंय. सांग, पुनम.”

अक्का माझ्याकडे वळल्या. “नोंद आहे का?”

मी वही उघडली. त्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं, तरी वाचल्यासारखं केलं. आणि म्हणाले, “नोंद नाही.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. “अच्छा,” एवढंच म्हणालात, आणि खाली बसलात.

धुरपदाबाईंनी हात वर केला होता. त्या पाच मेला तिथेच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हणाले, “काकू, पाळीने.” माझ्याच नियमाने मी त्यांना बसवलं, आणि त्यांची पाळी येऊच दिली नाही. मागे दारापाशी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, “त्यासनं मन कामवर राहतच नही.” ‘त्यासनं’ म्हणजे कुणाचं, हे सगळ्यांना कळलं. तुम्हालाही कळलं असणार. दोष तुमच्या गल्लीकडे किती लवकर जातो हे मी लहानपणापासून बघत आले आहे. ते तिथल्या तिथे थांबवायचं काम बैठक चालवणाऱ्याचं असतं. मी पुढचा विषय घेतला.

तिसऱ्या रांगेत माझी आई बसली होती.

गुरुवारी मी धुळ्याला आले होते. एरंडोलला गाडी बदलली, पारोळ्यापर्यंत उभीच होते. तुमचं दुकान धुरपदाबाईंनी सांगितलं होतं, पाचकंदीलजवळ, रमजानशेठचं. मनात सगळं ठरवून आले होते, काय बोलायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात करायची. तुम्ही आतल्या बाजूला मशीनवर बसला होतात, कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होतात. एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आली आणि तुमच्याकडे बोट करून तिने काहीतरी विचारलं. शेठ म्हणाले, “कटिंगला मास्तर येतील संध्याकाळी. बाई फक्त उसवायचं-टाचायचं करतात.”

तुम्ही मान वर केली नाहीत.

समोर बांगड्यांची गाडी होती, तिथे मी उभी होते. गाडीवाला दोनदा म्हणाला, “घ्या ना ताई, बघताय कधीच्या.” मी अर्धा डझन हिरव्या बांगड्या घेतल्या आणि स्टँडवर परत आले. तीस वर्षं ज्या हाताने कात्री धरली त्या हाताला आता कापडावर खडूची रेघसुद्धा ओढू देत नाहीत. धुरपदाबाई सांगत होत्या, धरणगावची बातमी तुमच्या आधी धुळ्याला पोचली होती, कापडाच्या व्यापाऱ्याकडूनच. तोच व्यापारी.

घरी आल्यावर आईला विचारलं, “डोळे दाखवायचे का जळगावला?”

ती म्हणाली, “डोया बरा शेतस. माले तठे बसानं नही.”

ती भाकरी थापत होती. थोड्या वेळाने तव्याकडे बघतच म्हणाली, “तुले शाळामा धाडं, का घरमा एक जण तरी लिखाले शिको. तू काय लिखं ते मी आयकं, पुनम.”

त्यानंतर तिने हा विषय काढलेला नाही. तिने रागवायला हवं होतं.

मंतशा, हे आता तुला. तू दहावीला माझ्याकडे यायचीस तेव्हा माझी वही बघून म्हणायचीस, ‘ताई, असं अक्षर मलाही यायला हवं.’ चिठ्ठीवर तेच अक्षर आहे. खाली तुझ्या अम्मीची सही आहे. ती कुणाला दाखवायची, नाही दाखवायची, ते अम्मीला ठरवू दे. माझ्याबद्दल तुला जे वाटतं ते वाटू दे, पण शिकलेली माणसं अशीच असतात असं मनात घेऊ नकोस. तुझ्या शिकण्याशी याचा संबंध नाही. मी हे लिहिते आहे आणि मला माहीत आहे की हे सांगायची लायकी माझ्याकडे उरलेली नाही. तरी लिहिते.

पुनम


धरणगाव, ८ ऑक्टोबर

आपा,

तुमच्याकडून उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं नाही. जे झालं ते कळवायला लिहिते आहे.

चिठ्ठी पाठवण्याआधी मी तिची झेरॉक्स काढली होती. ती घेऊन अक्कांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. अक्का तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरी, जुनं कशाला उकरतेस? शहजादीबाई धुळ्यात रुळल्या. तू जळगावला जाऊन ये, मग बघू.”

“त्या रुळल्या नाहीत, अक्का. मी बघून आले.”

“वार्षिक सभेत बोलशील तर संस्थेचं नाव जाईल. माझंही जाईल. सही माझी आहे त्या इतिवृत्तावर.”

“नाव मी माझंच घेईन.”

“तुझं नाव जाऊन कुणाचं पोट भरणार आहे?” असं म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं. पण नको म्हणाल्या नाहीत. मी उठले तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, “पहिल्यांदा बोल. शेवटी बोललीस तर बायका निघून गेलेल्या असतात.”

एकोणतीस सप्टेंबरला वार्षिक सभा झाली. मी कागदावर लिहून नेलं होतं, पण दुसऱ्या वाक्यानंतर कागद खाली ठेवला आणि तोंडीच सांगितलं. अभिमन सरांना आधीच दिलेली तारीख, तुमचे दोन दिवस, गजर, चिठ्ठी, कपाट, आणि ‘नोंद नाही’ हे माझं खोटं. साडेतीन-चार मिनिटं लागली असतील.

कुणी ओरडलं नाही. मी त्याची तयारी करून गेले होते. धुरपदाबाईंच्या शेजारची एक म्हातारी फक्त म्हणाली, “मंग आम्ही त्या बाईले इतला दिन काय काय बोलनूत.” आणि तिने पदर तोंडाला लावला. जितेंद्र मागे उभा होता. तो म्हणाला, “आंघोळीचं मी बोललो होतो. तेही लिहा.” कुणी हसलं नाही.

मला वाटलं आता चर्चा सुरू करावी. सवयीने मी वही पुढे ओढली. धुरपदाबाई उठल्या, वही माझ्या हातातून घेऊन दिपमालाकडे दिली आणि म्हणाल्या, “तू आते बाहेर बस. आम्हले बोलू दे.”

“काकू, इतिवृत्त...”

“तू बठ्ठासले इचारस व माय, पन आयकस कोनं? जा, बस बाहेर.”

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. तास-सव्वातास बसले असेन. आतून आवाज येत होते. एकदम पाच-सहा जणी बोलत होत्या, मध्येच भांडण झाल्यासारखं वाटलं, मध्येच एकदम शांत. कोण काय बोललं ते मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलेलं नाही. मी आल्यापासूनची संस्थेतली ती पहिली मोठी चर्चा असावी जी मी चालवली नाही. आईही आत होती. त्या दिवशी ती स्वतःहून आली होती.

नंतर मला आत बोलावलं आणि दिपमालाने वाचून दाखवलं. तिच्या अक्षरात, तिच्या शब्दांत होतं. ‘कापड पाण्यातून काढून मग कापावे असे शहजादीबाई यांनी पाच मे रोजी सांगितले होते. समन्वयक पुनम यांनी ते लपवले व सभेत खोटे सांगितले. कटिंगची चूक नव्हती. ही गोष्ट सर्व सभासदांनी आपापल्या गल्लीत, जिथे जिथे उलटे बोलले तिथे तिथे जाऊन सांगावी.’ हे शेवटचं वाक्य ठरावात कसं बसतं असं मी एरवी विचारलं असतं. खाली सदतीस सह्या आणि अंगठे आहेत. अक्कांची सही सगळ्यांत वर आहे. मूळ ठरावाची शिक्क्याची प्रत सोबत ठेवली आहे. रमजानशेठला किंवा त्या व्यापाऱ्याला पाठवायची का, हे आम्ही ठरवलेलं नाही. नाव तुमचं आहे. तुम्हाला न विचारता आता त्याचं काही करायचं नाही, एवढं मी बोलले आणि ते मान्य झालं.

बायकांना तुम्ही परत यावंसं वाटतं. तेही ठरावात लिहायला निघाल्या होत्या. धुरपदाबाई म्हणाल्या, असं लिहून बोलवत नसतात. त्या आणि आई दिवाळीआधी तुमच्याकडे येणार आहेत. दार उघडायचं की नाही ते तुम्ही बघा. मी सोबत येणार नाही.

सोमवारची बैठक आता धुरपदाबाई घेतात. मला काढलेलं नाही. माल पोचवण्याची पत्रं, शाळांचे फोन, ही कामं माझ्याकडे ठेवली आहेत. अभिमन सरांना मी पहिला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “कापणाऱ्या बाईंना माझा निरोप द्या, म्हणावं आम्हीही नावं ठेवली होती.” तो निरोप हा.

जळगावचं सांगायचं राहिलं. सभा झाली त्या संध्याकाळी नाना जिनिंगमधून आले, त्यांना आईने आधीच सांगितलं होतं. हातपाय धुतले, खाटेवर बसले. “जळगावले जाशी ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाना.”

ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. “मी बठ्ठासले सांगी ठेवेल शे,” एवढंच म्हणाले. मग कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारायला हवं, अजून विचारलं नाही.

जितेंद्र म्हणाला, “कशाला इतकं? नकार कळवताना ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून दे. सगळे तेच लिहितात.” आणि खरं सांगते आपा, एक अर्ज मी तसा लिहिलाही. सुंदर अक्षरात, चार ओळींत, कुठेही शंका येणार नाही असा. तो वाचला आणि मला कळलं की हे मी आणखी कितीही वर्षं करू शकेन, मला ते छान जमतं.

परवा, सोमवारी, मी जळगावला प्रशिक्षणाच्या ऑफिसात गेले. अर्ज दुसरा लिहिला होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘बैठकीत एका सहकारी बाईंनी सांगितलेली गोष्ट मी लपवली आणि विचारल्यावर खोटे बोलले. त्यांचे काम गेले. इतरांना शिकवण्यास मी पात्र नाही.’ टेबलामागच्या बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. म्हणाल्या, “ताई, हे कायम फाईलला राहतं. पुढे कुठेही अर्ज केलात तर निघेल. घरी नेऊन विचार करून या ना.”

मी म्हणाले, विचार करून झाला आहे.

त्यांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि पोच माझ्या हातात दिली. मी चारच्या गाडीने परत आले.

पुनम